फिलिप्प रथात चढला

अभ्यासपाठ
शास्त्रवाचन : प्रेषितांची कृत्ये ८:२६-४०



कॉलेजात शिकणाऱ्या आदिवासी मुलामुलींसाठी कोणी मोबाईल फोन मागितला की मंडळीत दोन मते पडतात. काही म्हणतात, फोन हातात आला की मुले बिघडतात, त्यापेक्षा पुस्तके द्या. काही म्हणतात, एक चांगला फोन देऊन टाकू, मग त्यांचे ते शिकतील. पहिल्या मताची भीती खोटी नाही आणि दुसऱ्या मतामागे मायाच आहे. तरी निर्णय घेण्याआधी वरील शास्त्रभाग सावकाश वाचावा, अशी विनंती आहे.

यरुशलेमेहून गज्जाकडे जाणाऱ्या वाटेवर कूश देशाचा एक मोठा अधिकारी रथात बसून यशयाचे पुस्तक वाचत आहे. त्या काळी हाताने लिहिलेली गुंडाळी सामान्य माणसाला परवडत नसे. याच्याजवळ ती आहे, वाचायला येते, वेळही आहे. त्या काळचे उत्तम साधन त्याच्या हातात आहे. पण अर्थ कळत नाही. आता फिलिप्प काय करतो ते क्रमाने पाहा. तो धावत रथाजवळ जातो. आधी ऐकतो. मग विचारतो की, वाचता ते समजते का? बोलावल्यावर वर चढून शेजारी बसतो, आणि त्या माणसाने जो उतारा उघडला होता तेथूनच सुरुवात करतो. तो स्वतःच्या आवडीचा दुसरा उतारा काढत नाही.

आपल्या विद्यार्थ्याच्या हातातील फोन ही आजची गुंडाळी आहे. तिच्यात काय नाही! मराठी विश्वकोश विनामूल्य वाचता येतो. मुंबईच्या आयआयटीने तयार केलेले स्पोकन ट्युटोरियल आहेत. ते संगणकाचे छोटे छोटे पाठ असून त्यांतले अनेक मराठी आवाजात आहेत आणि एकदा उतरवून घेतले की नेटवर्कशिवाय चालतात. किविक्स नावाचे ॲप घेतले तर संपूर्ण मराठी विकिपीडिया मेमरी कार्डावर मावतो. डोंगरात नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते तेथे हे फार मोलाचे आहे. पण मेळघाटातल्या धारणी किंवा चिखलदरा तालुक्यातून आलेल्या मुलीचा विचार करा. तिच्या घरची भाषा कोरकू. ती मुंडा गटातली भाषा आहे, मराठीच्या कुळातली नाही. म्हणजे मराठी पुस्तक हीच तिच्यासाठी परकी भाषा, आणि विज्ञान शाखेत गेली तर त्यावर इंग्रजी. तिने फोनवर धडा उघडला, वाचला, तरी तिची स्थिती रथातल्या त्या अधिकाऱ्यासारखीच राहू शकते.

मिशनच्या इतिहासात हा प्रश्न नवा नाही. मिशनरी जॉन ड्रेक यांचे कोरकू भाषेचे व्याकरण १९०३ साली कोलकात्यात छापले गेले. ऐकल्याशिवाय व्याकरण लिहिता येत नाही. छापखाना हे त्या वेळचे साधन. त्याचा उपयोग झाला तो आधी कान दिल्यामुळे.

आता प्रत्यक्ष वर्गात काय करता येते ते पाहू. एक उदाहरण जरा खोलात देतो, कारण पुष्कळांना वाटते की फोनवर शिकणे म्हणजे व्हिडिओ पाहणे.

फायफॉक्स नावाचे विनामूल्य ॲप आहे. जर्मनीतील आखेनच्या विद्यापीठात ते तयार झाले. फोनमध्ये माइक, हालचाल ओळखणारे भाग, चुंबकत्व मोजणारा भाग आधीच असतात. हे ॲप त्यांनाच प्रयोगशाळेची उपकरणे बनवते. त्यात आवाजावर सुरू होणारे आणि आवाजावरच थांबणारे घड्याळ आहे. शांत मैदानात दोन फोन दहा मीटर अंतरावर ठेवा. पहिल्या फोनजवळच्या विद्यार्थ्याने टाळी वाजवली की त्याचे घड्याळ लगेच सुरू होते. दुसऱ्याचे घड्याळ आवाज तिथे पोहोचल्यावर, म्हणजे किंचित उशिरा सुरू होते. मग दुसऱ्या फोनजवळची विद्यार्थिनी टाळी वाजवते. तिचे घड्याळ लगेच थांबते, पहिले किंचित उशिरा. दोन घड्याळांतला फरक म्हणजे आवाजाला दहा मीटर जाऊन दहा मीटर परत यायला लागणारा वेळ. हा फरक साधारण ०.०५८ सेकंद येतो. वीस मीटरला त्याने भागा, उत्तर सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास. पुस्तकातला ध्वनीचा वेग मुलांनी टाळ्या वाजवून काढला! चाळीस मुलांच्या वर्गाला दोन फोन पुरले, आणि इंटरनेट मुळीच लागले नाही. ज्या कॉलेजात प्रयोगशाळेचे कपाट वर्षातून दोनदा उघडते तेथे हा प्रयोग करून पाहावा.

दुसरी गोष्ट संकोचाची. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेला मुलगा वर्गात हात वर करत नाही. उच्चाराला कोणी हसेल, ही भीती त्याला प्रश्नापेक्षा मोठी असते. प्लिकर्स या पद्धतीत प्रत्येक विद्यार्थ्याला कागदाचे एक कार्ड मिळते. ज्या बाजूने ते वर धरावे तसे उत्तर अ, ब, क किंवा ड ठरते. प्रत्येक कार्डावरची आकृती वेगळी, म्हणून शेजाऱ्याला दुसऱ्याचे उत्तर कळत नाही. शिक्षक आपला फोन वर्गावरून फिरवतात आणि सगळ्यांची उत्तरे नोंदली जातात. फोन फक्त शिक्षकाजवळ! एरवी गप्प बसणाऱ्या मुलाला काय समजले नाही ते त्याच तासाला कळते, वार्षिक परीक्षेच्या निकालात नव्हे. फिलिप्पाने विचारलेला प्रश्न असा रोज विचारता येतो.

आणि भाषेचे काय? येथे थोरल्या विद्यार्थ्यांना कामाला लावावे. तिसऱ्या वर्षाच्या मुलीने प्रकाशसंश्लेषणाचा धडा पाच मिनिटांत कोरकूत, पावरीत किंवा वारलीत समजावून फोनवर बोलून ठेवावा. ती ध्वनिफीत ब्लूटूथने एका फोनवरून दुसऱ्यावर जाते, पैसा लागत नाही. धाकट्यांना धडा कळतो. आणि शास्त्रीय कल्पना आपल्या आईच्या भाषेत सांगता येते हे थोरलीलाही कळते. माझ्या मते सगळ्या ॲपपेक्षा हा उपयोग मोठा आहे.

धोके लपवण्यात अर्थ नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालातही वर्गातील फोनमुळे लक्ष विचलित होते, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणून वर्गात फोनची वेळ ठरलेली असावी: कामापुरता बाहेर, काम झाले की दप्तरात. फळ्याचा फोटो काढून वही बंद करणारी मुले तुम्ही पाहिली असतील; तो फोटो पुन्हा क्वचितच उघडला जातो. आता तर प्रश्न टाकला की निबंध लिहून देणारी साधने आली आहेत. त्यावर उपाय जुनाच: लिहून आणलेले तोंडी समजावून सांगायला लावणे.

आणखी एक गोष्ट शहरातल्या आपल्या मंडळींना सहसा दिसत नाही. पुष्कळ घरांत फोन एकच, आणि तो भावाकडे असतो. मुलीला तो रात्री जेवणानंतर मिळाला तर मिळाला. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा, त्याचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येणार, आणि तो नंबर रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेला. हुशार मुलीचे वर्ष अशा लहानशा अडचणीवर अडकू शकते. तेव्हा शिकण्याच्या साधनाचा विचार करताना हा नंबर जिवंत ठेवण्याचाही विचार व्हावा.

मंडळीने काय करावे? आदिवासी विद्यार्थ्यांची शासकीय वसतिगृहे आपल्या जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांतही आहेत. गृहपालांची परवानगी घेऊन तरुण संघातील दोघांनी शनिवारी दोन तास जावे. इंग्रजी, गणित, अर्ज भरणे, जे त्या मुलांनी उघडले असेल तेथून सुरुवात करावी. मुलींच्या वसतिगृहात भगिनींनीच जावे. मदतीला कोणतीही अट नको, उपासनेला येण्याचीही नाही. वसतिगृहात फोन चारांत एक असला तरी चालेल. चौघे एका पडद्याभोवती बसले की वाद घालतात आणि त्यातून बरेच शिकतात.

ज्यांना जुना फोन द्यायचा आहे त्यांनी आधी आपले खाते आणि फोटो काढून टाकून तो पूर्ण कोरा करावा, नाहीतर पुढच्याला तो उघडतच नाही. बॅटरी किमान अर्धा दिवस टिकते का ते पाहावे. फुगलेल्या बॅटरीचा फोन कृपया देऊ नये. सोबत चालू चार्जर आणि शक्य असल्यास बत्तीस जीबीचे मेमरी कार्ड द्यावे. काच फुटलेली असली तरी चालेल, माइक मात्र चांगला हवा. टाळ्यांचा प्रयोग त्याच्यावरच होतो.