कांडी घेताना पाय कोण विचारतो?

आबा: ताई, ही एचएफ गाय मागचा पाय टेकवतच नाही. लाळ्या-खुरकूत तर नाही ना? लस टोचलीय.

डॉक्टर: तोंडात फोड नाहीत, लाळ नाही, तापही नाही. पाय उचलून धरा. टाचेच्या वर, दोन नख्यांमागच्या खाचेत हा लालभडक ओला व्रण दिसतोय? हा डिजिटल डर्मटायटिस. केली आणि मोर्तेलारो यांनी १९७४ साली इटलीत याचं पहिलं वर्णन केलं. लाळ्या-खुरकूत विषाणूचा, हा मुख्यतः ट्रेपोनिमा जिवाणूंचा. तुमच्या लशीचा इथं संबंध नाही.

आबा: मग शेजारची गाय त्याच शेणात उभी असते, तिला कसं काही होत नाही?

डॉक्टर: थोडं नशीब, थोडा वंश. काही गाईंची कातडी आणि प्रतिकारशक्ती जिवाणूला दाद देत नाही. त्यामागं एकच जनुक नाही, अनेकांचा थोडाथोडा हात असतो. पण गाईगाईंतल्या फरकात वंशाचा वाटा पुष्कळ अभ्यासांत शंभरात दहाच्या आसपासच निघतो. बाकी गोठा.

आबा: एवढासाच? मग वळू बघून उपयोग काय?

डॉक्टर: एका गाईवरून काही कळत नाही, खरंय. पण एका वळूच्या शेकडो लेकी वेगवेगळ्या गोठ्यांत असतात. कुणाच्या लेकींचे पाय जास्त बिघडतात, ते तिथं दिसतं. कॅनडात होल्स्टीन, म्हणजे आपल्या एचएफचे, वळू असे तपासले जातात, तेही खूर साळणाऱ्यांच्या नोंदींवरून. मला तर शास्त्रज्ञांपेक्षा त्यांचंच कौतुक वाटतं. नुसती ‘लंगडते’ अशी नोंद काय कामाची? लंगडण्याची कारणं ढीगभर. पाय उचलून पाहिला नाही, तर वंशाचा वाटाही आहे त्यापेक्षा कमी दिसतो.

आबा: आपण वळूच्या रेताची कांडी घेताना दूध विचारतो, पाय कोण विचारतो? पण वंश सुधारायला पिढ्या जाणार. हिचं काय करू?

डॉक्टर: व्रण धुऊन कोरडा करू, औषधाचा फवारा मारते. बाकीच्यांना पाच टक्के मोरचुदाच्या पाण्यातून चालवा, पण आधी पाय धुवा. शेणानं मोरचूद निकामी होतं. ते पाणी शेतात ओतू नका, जमिनीत तांबं साठतं. आणि साळायचा सुरा दुसऱ्या गाईला लावण्याआधी जंतुनाशकात बुडवा.

आबा: आणि नोंद?

डॉक्टर: वहीत लिहा. कुठली गाय, कुठला पाय, कुठला महिना, आणि बापाचा नंबर. तो कांडीवरच छापलेला असतो.

आबा: कांड्या तर फेकून दिल्या.

डॉक्टर: पुढच्या ठेवा.