उन्हाळा छोटा, वाण कोणते?

प्रश्न : मी टोरंटोत राहतो. परसात कायद्याने चालतात तेवढीच गांजाची ४ झाडे लावली. वाढली जोमात, पण ऑक्टोबरात फुले कुजली. खत कमी पडले का?

उत्तर : खताचा दोष नाही, निश्चिंत राहा. तुमचे वाण उशिरा फुलणारे असावे. रात्र मोठी झाल्याशिवाय ते फुलोऱ्यावर येत नाही, आणि तोवर तिकडे थंडी-पाऊस सुरू होतो. मग दाट फुलात राखाडी बुरशी शिरते. वरून हिरवे दिसणारे फूल उकलले, तर आत तपकिरी लगदा निघतो. दिवसाच्या लांबीवर न अडणारे ‘ऑटोफ्लॉवर’ वाण घ्या. जूनच्या सुरुवातीला लावले, तर सप्टेंबरात हाती येते. विरळ फुलांचे मिळाले तर उत्तमच. कुजलेले मात्र वापरू नका, फेकून द्या. आणि भारतात येताना यातले काहीही सोबत आणू नका. इथला १९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा फार कडक आहे.