हजार लिंका विकत घ्याव्यात का?

प्रश्न : आमचा वेळासजवळ घरगुती निवास आहे. कासवांच्या हंगामात घर भरलेलं असतं, एरवी रिकामं. भाच्याने वेबसाइट करून दिली, पण गूगलवर 'वेळास होमस्टे' शोधलं तर आम्ही तिसऱ्या पानावर सापडतो. आता एकजण सारखा फोन करतोय. पाच हजारांत हजार बॅकलिंक देतो, महिन्याभरात पहिल्या पानावर आणतो म्हणतो. घ्याव्यात का? आणि मला मुळात हेच कळत नाही की दुसऱ्या कुणी आमची लिंक दिली म्हणून गूगलच्या लेखी आमचं घर चांगलं कसं ठरतं? आमच्या ह्यांचं म्हणणं, विकिपीडियावर गावाच्या पानात आपली लिंक टाकून द्यावी. चालेल का?
— एक वाचक, ता. मंडणगड, जि. रत्नागिरी

उत्तर : ताई, पैसे देऊ नका. कारणं पुढे येतीलच, पण तो माणूस उद्या परत फोन करेल म्हणून हे आधी सांगितलं.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे. 1990च्या दशकात अल्टाव्हिस्टासारखी सर्च इंजिनं मुख्यतः पानावर लिहिलेले शब्द बघत. मग लोक एकच शब्द शेकडो वेळा लिहायला लागले, तोही पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत, म्हणजे माणसाला दिसू नये आणि यंत्राला दिसावा. पान स्वतःबद्दल काय म्हणतं यावर विसंबलं की असं होणारच. स्थळ बघताना मुलाकडच्यांनी केलेल्या कौतुकावर आपण सोयरीक जमवत नाही. गावात, भावकीत, तो नोकरी करतो तिथे चौकशी करतो, आणि सांगणारा कोण आहे त्यावर त्याच्या शब्दाला किती किंमत द्यायची ते ठरवतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी 1996च्या सुमारास अशीच चौकशी गणितात बसवली. बीज विद्वानांच्या जगातलं होतं. एखाद्या शोधनिबंधाचा हवाला पुढे किती जणांनी दिला यावरून त्याचं महत्त्व जोखायची रीत युजीन गारफील्ड यांच्या 'सायन्स सायटेशन इंडेक्स'मुळे 1964पासून रुळली होती. पेज आणि ब्रिन यांनी हवाल्याच्या जागी लिंक धरली. पण त्यांनी नुसती डोकी मोजली नाहीत. सुरुवातीला प्रत्येक पानाला सारखं वजन द्यायचं. ते पान आपलं वजन, ज्यांना त्याने लिंक दिली त्यांच्यात वाटतं. ज्याच्याकडे जास्त जमा झालं, त्याच्याकडून पुढच्या फेरीत जास्त वाटलं जातं. असं वाटप पुन्हा पुन्हा करत राहिलं की आकडे हळूहळू स्थिरावतात. त्यांच्या निबंधात 32 कोटी 20 लाख लिंकांचं जाळं सुमारे 52 फेऱ्यांत स्थिरावल्याची नोंद आहे. या पद्धतीचं नाव पेजरँक. गूगल आज याखेरीज कितीतरी गोष्टी तपासतं, पण लिंक ही साक्ष अजूनही धरली जाते.

आता तुमच्या हजार लिंकांचं बघा. ज्या पानाला कुणीच लिंक देत नाही, त्याच्याकडे वाटायला जवळजवळ काही नसतं. त्यातून त्याने पाचशे जणांना लिंका दिल्या असतील तर तुमच्या वाट्याला नखभर. अशा नखभर वाट्यांचे ढीग लावून वर चढायचा उद्योग मात्र वर्षानुवर्षं चालला, आणि काही काळ फळलाही.

त्याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण जे. सी. पेनी या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीचं. 2010च्या नाताळाच्या हंगामात कपडे, अंथरुणं, गालिचे, प्रवासी बॅगा, काहीही शोधा, गूगलवर पेनी पहिल्या क्रमांकावर. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने एका जाणकाराकडून तपास करवून घेतला, तेव्हा पेनीच्या कपड्यांच्या पानाला लिंक देणाऱ्या हजारो जागा सापडल्या. त्या जागा कसल्या होत्या? घोरण्यावरच्या, दातांच्या डॉक्टरांच्या, मासेमारीच्या, न्हाणीघरातल्या फरश्यांच्या. कपड्यांशी कशाचाच संबंध नाही. बातमी 2011च्या फेब्रुवारीत छापून आली. गूगलने त्याआधीच कारवाई केली होती. 'सॅमसोनाइट कॅरी ऑन लगेज' या शोधात संध्याकाळी सात वाजता पहिल्या क्रमांकावर असलेली पेनी दोन तासांत एकाहत्तराव्या क्रमांकावर गेली. कंपनीने हात झटकले, आम्हाला कल्पना नव्हती म्हणाली, आणि शोधाचं काम बघणाऱ्या संस्थेला काढून टाकलं. पेनीकडे शेकडो दुकानं होती, ती तग धरून राहिली. तुमच्यासारख्या चार खोल्यांच्या घराचा एक हंगाम बुडाला तर वर्ष जातं.

पुढे 24 एप्रिल 2012ला गूगलने 'पेंग्विन' नावाचा बदल आणला, तो खास अशाच कृत्रिम लिंका हुडकण्यासाठी. 2016पासून तो मूळ पद्धतीचाच भाग झाला. तेव्हापासून संशयास्पद लिंका बहुतेक वेळा हिशेबातच धरल्या जात नाहीत, म्हणजे पाच हजार पाण्यात. फारच उघड प्रकार असेल तर गूगलची माणसं हाताने दंड लावतात, आणि तो निस्तरायला अशी एकेक लिंक शोधून काढावी लागते. जाहिरात म्हणून पैसे देऊन लिंक घेण्यात गैर काही नाही, फक्त ती पैशाची आहे अशी खूण लिंकेच्या कोडमध्ये असावी लागते. तुम्हाला फोन करणारा ती खूण करणार नाही, कारण खूण केली की त्या लिंकेने क्रमांक वाढत नाही.

अशीच एक खूण, 'नोफॉलो', विकिपीडियावरच्या बाहेर जाणाऱ्या लिंकांना असते. 2005मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने मिळून ती आणली, आणि 2007च्या जानेवारीत इंग्रजी विकिपीडियाने ती सर्व बाह्य लिंकांना लावली, कारण जो तो तिथे आपलं दुकान चिकटवून जात होता. तेव्हा तुमच्या ह्यांना सांगा, त्याने क्रमांक वाढायचा नाही, आणि कुणीतरी संपादक ती लिंक जाहिरात म्हणून काढून टाकेल.

मग करायचं काय? तुमच्या हातात दुसऱ्या कुणाकडे नाही अशी माहिती आहे. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बघायला मुंबई-पुण्याहून माणसं येतात, आणि प्रत्येकाचे तेच प्रश्न असतात. पिल्लं नक्की कधी निघतील? अंडी घातल्यापासून साधारण पंचेचाळीस ते साठ दिवस, म्हणजे खात्रीची तारीख कुणीच देऊ शकत नाही. सोडतात कधी? सकाळी आणि संध्याकाळी. हरिहरेश्वरकडून येताना बागमांडल्याहून वेसवीला गाडी फेरीबोटीत चढते का, शेवटची बोट कितीला? फोटो काढताना फ्लॅश का चालत नाही? बाणकोट किल्ला आणि वेळास या नाना फडणवीसांच्या मूळ गावातली देवळं त्याच फेरीत होतात का? हे सगळं तुम्ही पाहुण्यांना फोनवर रोज सांगता. तेच एका पानावर मराठीत, सविस्तर लिहा. बोटीच्या वेळा बदलल्या की बदला. यंदाची परिस्थिती हंगामात दर आठवड्याला टाका. असं पान झालं की सहली नेणारे गट, शाळांची निसर्गमंडळं, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत लिहिणारे लोक आपणहून त्याची लिंक देतील, कारण त्यांनाही वाचकाला कुठेतरी पाठवायचं असतं. मराठीत असं नेटकं पान अजून फार थोड्या विषयांवर आहे, ही आपल्या भाषेची उणीव आहे, आणि तुमच्यासारखी जागेवरची माणसंच ती भरून काढू शकतात.

असं पान करताना एक चूक खूप घरं करतात. दरवर्षी 'कासव महोत्सव' आणि पुढे साल, असं नवं पान काढतात आणि जुनं पुसून टाकतात. जुन्या पानाला मिळालेल्या लिंका त्याच्याबरोबर मरतात. पानाचा पत्ता एकच ठेवा, आतला मजकूर दरवर्षी बदला. पत्ता बदलणं भागच पडलं तर जुना पत्ता नव्याकडे कायमचा वळवून द्यायला भाच्याला सांगा. आणि खोल्यांचे दर पोस्टरच्या फोटोत असतील तर ते साध्या अक्षरांत टाइप करून घ्या. फोटोतलं गूगलच्या हाती लागेलच असं नाही.

ज्यांनी तुमच्याकडे राहून ब्लॉगवर लिहिलं, नाव घेतलं, पण लिंक दिली नाही, त्यांना दोन ओळींचा मेसेज करा. बहुतेक लोक आनंदाने देतात. सहलींचे जे गट तुमच्याकडे उतरतात, त्यांनाही सांगा. अशा पाचसात लिंका त्या हजारांपेक्षा कितीतरी भारी. तुमच्या धंद्यासाठी याहूनही आधी करायची गोष्ट म्हणजे गूगल मॅप्सवरची नोंद. नाव, फोन, खरे फोटो, जागा अचूक खुणावलेली, आणि आलेल्या प्रत्येक अभिप्रायाला उत्तर. 'वेळास होमस्टे' असं शोधणाऱ्याला बहुधा आधी नकाशाच दिसतो, आणि तिथे लिंकांपेक्षा अंतर, नेमकेपणा आणि अभिप्राय यांना जास्त वजन असतं.

सर्च कन्सोल ही गूगलची फुकट सेवा भाच्याकडून सुरू करून घ्या. त्यात तुम्हाला कोणकोण लिंक देतं त्याची यादी दिसते, दंड लागला असेल तर तोही दिसतो.

कासवं अंडी घालायला साधारण नोव्हेंबरपासून येऊ लागतात. नवं पान शोधात वर यायला काही आठवडे, कधी महिनेही जातात. तेव्हा पावसाळ्यात घर रिकामं असतं, त्याच दिवसांत पान लिहून टाका.