मृत्युपत्र, वारस नोंद आणि कुटुंबाची मिळकत

खातेदार मरण पावला की घरची मंडळी प्रथम वारस नोंदीच्या मागे लागतात. ते योग्यच होय. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 अन्वये वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यावयाची असते. मात्र सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी ठरली, हा समज चुकीचा आहे. हक्क ठरतो तो वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने, आणि वाद उद्भवल्यास दिवाणी न्यायालयात.

समजा, एका हिंदू शेतकऱ्याने स्वकष्टाने 4 एकर जमीन घेतली व मृत्युपत्र न करता तो निवर्तला. मागे वृद्ध आई, पत्नी, एक मुलगा व दोन विवाहित मुली आहेत. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे या पाचही जणांचा हिस्सा सारखा, म्हणजे प्रत्येकी 32 गुंठे. प्रत्यक्षात पुष्कळदा वर्दीत मुलाचे व फार तर पत्नीचे नाव येते. मुली दिल्या घरी गेल्या म्हणून वगळल्या जातात. आईचा हक्क तर कित्येक सुशिक्षितांनाही ठाऊक नसतो. बहिणीला हिस्सा सोडावयाचाच असेल, तर तिने स्वेच्छेने हक्कसोडपत्र करून ते नोंदविले पाहिजे. कोऱ्या कागदावरील अंगठ्याने हक्क सुटत नाही, हे पंचायत सदस्यांनी गावात अवश्य सांगावे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत, 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर, मुलीला मुलाप्रमाणे जन्मतःच हक्क आहे. त्यामुळे अशा मिळकतीत पित्याला मृत्युपत्राने केवळ स्वतःच्या हिश्श्याचीच व्यवस्था लावता येते.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते. त्यास मुद्रांक लागत नाही व नोंदणीही सक्तीची नाही. तथापि ती केलेली बरी. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र अत्यावश्यक आहेत. ज्याला लाभ मिळणार त्यास साक्षीदार करू नये. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीवाचून एकतृतीयांशापेक्षा अधिक मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही.

कराची भीती बहुधा निराधार असते. 1953 च्या कायद्याने बसविलेला मृत्युकर 16 मार्च 1985 पासूनच्या मृत्यूंना लागू नाही. वारसाने मिळालेली मिळकत हे उत्पन्न नव्हे. पुढे तिच्यापासून मिळणारे भाडे वा व्याज मात्र वारसाचे उत्पन्न ठरते. करपात्र मिळकत विकल्यास नफा काढताना पूर्वमालकाची खरेदी किंमत विचारात घेतात.

अपंग अपत्य असणाऱ्या आईबापांपुढील प्रश्न निराळा आहे. मिळकत त्याच्या नावे करून भागत नाही. ती सांभाळणारा कोणी हवा. भारतीय न्यास अधिनियम, 1882 खाली खाजगी न्यास करून विश्वस्तांवर हे काम सोपविता येते. लाभधारकांचे हिस्से अनिश्चित ठेवल्यास अशा न्यासाला सर्वोच्च दराने कर पडतो. आपल्यावर अवलंबून असलेल्या नातलगासाठी मृत्युपत्रानेच एकमेव न्यास निर्माण केल्यास मात्र या दरातून सुटका मिळते. विश्वस्तांपैकी एक तरी आपल्याहून वयाने बराच लहान असावा.