एक शेतकरी, चार पतगुणांक : फरक का पडतो?

पारनेर हा अवर्षणप्रवण तालुका. विहिरीवरील पंप, ठिबक संच, दुभती जनावरे यांसाठी येथील शेतकऱ्यास कर्ज काढावे लागते. पीककर्जासाठी पतगुणांकाची अट घालू नये, असे राज्य शासनाने मे २०२५ मध्ये बँकांना बजावले आहे. तथापि इतर कर्जांच्या वेळी तो पाहिला जातो. एका बँकेने ७४० गुणांक सांगावा व दुसरीने ६५५ सांगून अर्ज नाकारावा, असे घडल्यास शेतकरी गोंधळून जातो. म्हणून याची कारणे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

गुणांक कोण देते?

सर्वसाधारणपणे लोक 'सिबिल' म्हणतात; परंतु भारतात अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स व सीआरआयएफ हाय मार्क. त्या २००५ च्या कायद्यान्वये रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली चालतात. गुणांक ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो.

फरकाची कारणे

जनावरांच्या प्रदर्शनात एकाच गाईस दोन परीक्षक निरनिराळे गुण देतात. एक दुधास अधिक महत्त्व देतो, दुसरा बांध्यास. पतगुणांकाचेही तसेच आहे.

१. प्रत्येक कंपनीची गणिताची रीत वेगळी असते. हप्त्यांची नियमितता, थकबाकी, कर्जाचे वय व नवे अर्ज यांना ती आपापल्या पद्धतीने वजन देते.

२. नोंदीची तारीख वेगळी असते. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी निदान दर पंधरवड्यास माहिती पाठवावयाची आहे. कालच फेडलेले कर्ज आज सर्वत्र दिसेलच असे नाही.

३. नोंदी सारख्या नसतात. चूक असलेली नोंद एखाद्या कंपनीत स्वीकारली जात नाही. गावात एकाच नावाआडनावाचे दोघे चुलतभाऊ असतात; एकाचे थकीत कर्ज दुसऱ्याच्या नावे चढू शकते. विवाहानंतर नाव बदललेल्या भगिनींची जुनी नोंद सुटून जाते. जी संस्था माहितीच पाठवीत नाही, तिच्याकडील चोख परतफेडीचा लाभ गुणांकात मिळत नाही.

पहिल्या दोन कारणांनी पडणारा थोडा फरक स्वाभाविक आहे. मोठा फरक मात्र बहुधा तिसऱ्या कारणाकडे बोट दाखवितो. म्हणून केवळ आकडे न पाहता नोंदी ताडून पाहाव्यात.

काय करावे?

प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक घटत नाही. चारही अहवाल मागवून नाव, जन्मतारीख, पॅन क्रमांक, प्रत्येक कर्जाची शिल्लक व फेडीची तारीख पाहावी. कर्जमुक्ती योजनेत मिटलेले खाते थकीत दिसत नाही ना, हेही पाहावे. चूक आढळल्यास बँकेकडे अथवा त्या कंपनीकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. ३० दिवसांत निवारण न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

कर्ज फिटताच बेबाकी दाखला घेऊन सातबाराच्या उताऱ्याप्रमाणेच जपून ठेवावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच गावकऱ्यांना अहवाल मागविण्यास साह्य करावे. बँकेच्या दारी नकार मिळाल्यावर चूक शोधीत बसण्यापेक्षा ती आधीच दुरुस्त करून घेणे केव्हाही हिताचे.