शोधयंत्रांत आपले संकेतस्थळ वर कसे येईल?

रुग्ण पूर्वी वैद्यांचा पत्ता शेजाऱ्यापाजाऱ्यांस विचारीत असे. आता तो भ्रमणध्वनीवरही शोधतो. शोधयादीत आपले संकेतस्थळ आले नाही, तर त्याच्या लेखी ते नसल्यासारखेच होय. हिंगोली जिल्ह्यातील चिकित्सक व औषधालयचालक यांना अल्प खर्चात करता येतील असे काही उपाय येथे देत आहोत.

१. शोधयंत्राचे कार्य : शोधयंत्र पृष्ठे वाचून त्यांतील शब्दांची सूची करते आणि प्रश्न येताच त्या सूचीतून उत्तरे क्रमाने मांडते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ‘गुगल’ने, एखाद्या पृष्ठाकडे कोणती इतर पृष्ठे निर्देश करतात यावरून त्याचे महत्त्व ठरविण्याची पद्धत रूढ केली. आरोग्यविषयक मजकुरात विश्वासार्हतेस विशेष महत्त्व असते. म्हणून प्रत्येक लेखाखाली वैद्यांचे नाव, पदवी व नोंदणी क्रमांक द्यावा.

२. शब्दयोजना : आपण ‘अर्श’ लिहितो, रुग्ण ‘मूळव्याध’ शोधतो. आपली ‘गृध्रसी’ त्याला ‘सायटिका’ म्हणून ठाऊक असते. ‘शीतपित्ता’ऐवजी तो ‘अंगावर पित्त उठणे’ असे लिहितो. यास्तव शीर्षकात लोकांचा शब्द व मजकुरात शास्त्रीय संज्ञा, असे दोन्ही असावेत. एका पृष्ठावर एकच विषय घ्यावा. गावाचे नाव ‘वसमत’ व ‘बसमत’ अशा दोन्ही रूपांत शोधले जाते, हेही ध्यानात ठेवावे. मात्र एकच शब्द वारंवार कोंबल्यास शोधयंत्र तो गैरप्रकार समजते.

३. लिपी : अनेक जुनी मराठी पृष्ठे युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत. डोळ्यांना ती मराठी दिसली तरी शोधयंत्रास निरर्थक चिन्हेच मिळतात. पृष्ठावरील एक वाक्य उचलून शोधचौकटीत ठेवून पाहावे. मराठी अक्षरे न उमटल्यास मजकूर युनिकोडमध्ये आणावा. औषधांची सूची व वेळापत्रक केवळ छायाचित्ररूपात न ठेवता अक्षरांत लिहावे.

४. स्थानिक शोध : जवळचा दवाखाना दाखविताना गुगल प्रश्नाशी सुसंगती, अंतर व प्रसिद्धी या तीन गोष्टी पाहते. अंतर आपल्या हाती नाही. उरलेल्या दोन आहेत. गुगलवरील व्यवसायनोंद विनामूल्य आहे. तीत नाव, पत्ता, दूरध्वनी व वेळा संकेतस्थळाप्रमाणेच तंतोतंत द्याव्यात. पैसे अथवा सवलत देऊन अभिप्राय मिळविणे नियमबाह्य आहे.

५. मर्यादा : ‘मधुमेह मुळापासून बरा’, ‘कर्करोगावर रामबाण’ अशा शीर्षकांकडे वाचक वळतो, हे खरे. परंतु औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये मधुमेह, कर्करोग, हृदयविकार, लठ्ठपणा इत्यादी व्याधी बऱ्या करण्याचा दावा जाहिरातीत करता येत नाही. पहिल्याच अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. त्याहून मोठी हानी म्हणजे अशा दाव्यावर विसंबून एखादा रुग्ण चालू उपचार सोडतो. आहार, विहार, पथ्य व वैद्यांकडे केव्हा जावे यांविषयी संयत लिहावे.

या उपायांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे, क्वचित महिनेही लागतात. ‘सर्च कन्सोल’ या विनामूल्य साधनात लोक कोणत्या शब्दांनी आपल्यापर्यंत पोहोचले ते दिसते. ती यादी दरमहा पाहावी व ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्या पृष्ठांवर नाही, ते पुढच्या महिन्यात लिहावे.