तीन इवलीशी हाडे आणि मुक्या जिवांचे ऋण

मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड कोणते, हा प्रश्न आपण सर्वांनी शाळेत सोडविलेला आहे. उत्तर आहे, कानातील रिकीब. तिची उंची सुमारे ३ मिलिमीटर आणि वजन जेमतेम ३ मिलिग्रॅम. हातोडा, ऐरण व रिकीब या तीन हाडांची साखळी कानाच्या पडद्यापासून अंतर्कर्णापर्यंत पोहोचते.

या साखळीचे प्रयोजन काय? अंतर्कर्णात द्रव असतो. हवेतील ध्वनी त्यावर थेट आदळला, तर तो बहुतांशी परत फिरेल. परंतु पडद्याचे कार्यक्षम क्षेत्रफळ रिकिबीच्या तळाच्या सुमारे १७ पट असल्याने दाब वाढतो आणि हाडांच्या तरफेमुळे त्यात आणखी भर पडते. कान वर्षानुवर्षे वाहत राहिला, तर हीच साखळी झिजते. ऐरणीच्या लांब टोकास रक्तपुरवठा तोकडा असल्याने बहुधा तेच प्रथम नष्ट होते. मग पडदा शिवूनही ऐकू येत नाही.

तुटलेली साखळी पुन्हा जोडण्याच्या शास्त्राचा पाया प्राण्यांवरील प्रयोगांनी घातला. १९३० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात वेव्हर व ब्रे यांनी मांजराच्या कानातून ध्वनीबरोबर उमटणारे विद्युत्संकेत टिपले. त्यामुळे हाडे काढल्यावर श्रवण किती घटते, हे मोजता येऊ लागले. पुढे प्रश्न आला, कृत्रिम हाड शरीर स्वीकारील का? १९६९ मध्ये फ्लॉरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी एक विशेष काच तयार केली. उंदरांच्या मांडीच्या हाडात बसविलेले तिचे तुकडे सहा आठवड्यांनी ओढूनही निघेनात. हाडाशी ते एकजीव झाले होते. त्याच काचेपासून घडविलेल्या मध्यकर्णाच्या हाडास १९८५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

तथापि प्राण्याचा कान म्हणजे माणसाचा कान नव्हे. गिनीपिगमध्ये हातोडा व ऐरण मुळातच जुळलेली असतात. शिवाय प्रयोगातील कान निरोगी असतो, रुग्णाचा मात्र रोगाने पोखरलेला. म्हणून प्राण्यातील यश हे माणसातील यशाची हमी ठरत नाही.

या ज्ञानामागे मुक्या जिवांच्या वेदना आहेत, हे विसरता कामा नये. १९५९ मध्ये रसेल व बर्च यांनी तीन सूत्रे मांडली: शक्य तेथे प्राण्यांना पर्याय शोधावा, त्यांची संख्या घटवावी, त्यांची वेदना कमी करावी. आपल्या देशातही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने अशा प्रयोगांवर नियंत्रण आणले. करुणा आणि विज्ञान यांत वैर नाही, हेच यावरून दिसते.

आपल्या हाती काय आहे? मुलाचा कान वाहू लागला, तर त्यात तेल ओतू नये. तो कोरडा ठेवून डॉक्टरांना दाखवावा. मूल वर्गात लक्ष देत नाही, असे म्हणण्यापूर्वी त्याला ऐकू येते का, हे पाहावे. जी साखळी तुटलीच नाही, ती जोडण्यासाठी कोणत्याही जिवाला किंमत मोजावी लागत नाही.